चोक ओढला तरच चालणारा पंप : कार्बोरेटर बदलण्याआधी

प्रश्न असा आहे. शिरोळ तालुक्यात पाणी उपसायचा दोन इंची पोर्टेबल पेट्रोल पंप आहे, इंजिन होंडा जीएक्स १६० च्या धर्तीचं, साडेपाच हॉर्सपॉवर. जूनमध्ये पाऊस लागल्यावर पंप गोठ्यात ठेवला, टाकीत निम्मं पेट्रोल तसंच राहिलं. दिवाळीनंतर खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) पाणी द्यायला बाहेर काढला, तर चोक ओढूनच चालू होतो, चोक सोडला की बंद पडतो. अर्ध्या चोकवर चालतो, पण रेस सारखी वर-खाली करतो. शिवाय रात्रभर उभा ठेवला की एअर फिल्टरच्या खाली पेट्रोल गळलेलं दिसतं. मिस्त्री म्हणतात, कार्बोरेटर गेला, नवीन टाका. टाकावा का?

लगेच टाकू नका. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, त्यात जाण्यासारखं फार थोडं असतं. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत दोन वेगवेगळे दोष आहेत. एक, पेट्रोल जायच्या बारीक भोकांत राळ बसली आहे. दुसरा, फ्लोटची नीडल नीट बसत नाही. फ्लोट म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत (बाऊलमध्ये) तरंगणारा तुकडा, वाटी भरली की तो नीडल वर ढकलून पेट्रोल बंद करतो. दोन्ही दुपारभराच्या कामात निघतात. मात्र दुसऱ्या दोषामुळे एक गोष्ट आधी तपासा, ती झाल्याशिवाय दोरी ओढू नका.

ती म्हणजे ऑइल. नीडल गळत असेल तर जादा पेट्रोल सगळंच बाहेर सांडत नाही, काही इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन सपाट जागी ठेवून डिपस्टिक काढा. पातळी वर चढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते ऑइल काढून टाका. या इंजिनात जेमतेम ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० ऑइल लागतं. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, त्यावर लोडला पंप चालवला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) जाम होतो. मग कार्बोरेटरचा खर्च राहिला बाजूला, इंजिनच उघडावं लागतं.

आता चोकबद्दल. दोष कुठे आहे हे चोकच सांगतो, फक्त त्याचं ऐकायला हवं. चोक ओढला की हवेचा रस्ता बंद होतो, आतली ओढ वाढते आणि जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल वर खेचलं जातं. तापलेलं इंजिनसुद्धा चोकशिवाय चालत नसेल, तर एक तर पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चोक लावल्यावर काहीच फरक पडत नसेल, तर कार्बोरेटर उघडण्याआधी स्पार्क बघा. आणि चोक लावल्यावर उलट काळा धूर येऊन इंजिन गुदमरत असेल, तर पेट्रोल आधीच जास्त येतंय, म्हणजे फ्लोट-नीडलकडे बघा किंवा एअर फिल्टर चोंदलाय का ते पाहा.

रेस वर-खाली होणं, ज्याला गॅरेजमध्ये हंटिंग म्हणतात, हेही पेट्रोल कमी पडल्याचंच लक्षण आहे. लोड नसताना थ्रॉटल (इंजिनकडे जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि पेट्रोल पायलट जेटमधून, म्हणजे मंद चालीच्या छोट्या जेटमधून येतं. ते चोंदलं की इंजिन मंदावतं. इंजिनचा वेग कायम राखणाऱ्या गव्हर्नरला वाटतं लोड आला, तो थ्रॉटल उघडतो. थ्रॉटल उघडला की मोठ्या, मेन जेटमधून भरपूर पेट्रोल येतं, इंजिन उसळतं, गव्हर्नर पुन्हा थ्रॉटल मिटतो आणि पुन्हा उपासमार. हे चक्र चालू राहतं. पुष्कळ जण इथे गव्हर्नरची स्प्रिंग ताणतात किंवा दुसऱ्या भोकात अडकवतात. गव्हर्नर बिचारा त्याचं काम चोख करत असतो, त्याला हात लावू नका.

याउलट रिकामं इंजिन सुरळीत चालत असेल आणि डिलिव्हरी पाइपमधून पाणी चढायला लागलं की दम टाकत असेल, तर मेन जेट, त्याच्या वरची नळी, किंवा टाकीकडून येणारी वाट बघायची.

खोलण्याआधी पंधरा मिनिटं

टाकीच्या झाकणाला बारीक हवेचं भोक असतं. ते मातीने बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. अशा वेळी पंप दहा-पंधरा मिनिटं छान चालतो आणि मग मरतो. झाकण सैल करून चालवून बघा, फरक पडला तर दोष सापडला.

पेट्रोल कॉकच्या खाली प्लास्टिकची छोटी वाटी असते. कॉक बंद करून दहाच्या पान्याने ती काढा. तळाशी पाण्याचे थेंब, गंजाचा लाल गाळ किंवा जाळी चिकट झालेली दिसेल. धुऊन, ओ-रिंग नीट बसवून परत लावा.

मग कार्बोरेटरच्या बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या. हे पेट्रोल बघितल्याशिवाय कार्बोरेटर खोलू नये असं माझं ठाम मत आहे, कारण निम्मं निदान त्या भांड्यातच होतं. ताजं पेट्रोल पारदर्शक आणि उग्र वासाचं असतं. चहाच्या रंगाचं, वॉर्निशसारखा वास येणारं पेट्रोल म्हणजे आत राळ बसली आहे. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी. ड्रेन उघडा ठेवून कॉक चालू केला की सलग धार यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर अडथळा वरच, म्हणजे कॉक, जाळी, पाइप किंवा नीडलपाशी. धार चांगली असेल तर बाऊलपर्यंत वाट मोकळी आहे, चोंदलंय ते त्याच्या पुढे.

प्लगही काढून बघा. चोक ओढून बरंच खेचल्यावरही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला आणि काळा असेल तर जास्त पोचतंय. बीपीआर६ईएस प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. ऑइल कमी असलं तर या इंजिनांतला ऑइल अलर्ट स्पार्कच तोडतो, हे लक्षात न आल्यामुळे कितीतरी चांगले कार्बोरेटर विनाकारण उघडले गेलेत.

तुमचा पंप पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या प्रकारातला असेल, तर आणखी एक शक्यता आहे. बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवून बाऊलमधलं रॉकेल संपेपर्यंत चालवावं लागतं. ते केलं नाही तर बाऊल रॉकेलने भरलेला राहतो आणि थंड इंजिन रॉकेलवर उठत नाही. बाऊल रिकामा करून पेट्रोल सोडलं की काम होतं.

चार महिन्यांत एवढं काय बिघडलं

आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा, झाकणाला भोक असलेली अर्धी रिकामी टाकी, रोजची थंड-गरम होणारी हवा, म्हणजे टाकी श्वास घेत राहते आणि प्रत्येक श्वासाबरोबर ओल आत येते. एका मर्यादेपलीकडे पाणी गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. बाऊलच्या नेमक्या तळाशी मेन जेट आहे. आपल्याच उसाची मळी डिस्टिलरीतून इथेनॉल होऊन पुन्हा आपल्याच पंपाच्या तळाशी येऊन बसते म्हणायची. हा थर पितळेला हिरवट करतो, जस्त-ॲल्युमिनियमच्या बॉडीवर पांढरी पूड आणतो. वरचं पेट्रोल उडून जातं, राहते ती तपकिरी राळ.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे घरी बघता येतं. १०० मिलिच्या मापाच्या नळीत ९० मिलि पेट्रोल आणि १० मिलि पाणी घालून बंद करा, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल नसेल तर खालचा थर १० मिलिच राहील. २० टक्के असेल तर इथेनॉल पाण्यात उतरून तो २५ ते २८ मिलिपर्यंत चढतो. त्याहून बराच मोठा थर दिसला तर पेट्रोलमध्ये आधीच पाणी आहे.

दुसराही मुद्दा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच हवेसाठी ८-९ टक्के जास्त इंधन लागतं, पण जेटचं भोक तेवढंच राहतं. पूर्वी जेट थोडा चोंदला तरी इंजिन चालवून घ्यायचं, आता तेवढी सवलत उरलेली नाही. जुन्या छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते हेही ध्यानात ठेवा.

“उंचीमुळे होतंय” असंही कोणी सांगेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, पन्हाळा हजाराच्या आत. या इंजिनांना उंचीचा जेट लागतो तो १५०० मीटरच्या पुढे. आणि उंचीवर हवा विरळ असल्याने पेट्रोल जास्त होतं, कमी नाही. तुमचं लक्षण नेमकं उलटं आहे.

खोलणं

काम उघड्यावर, चुलीपासून लांब करा. इंजिन थंड, प्लगची टोपी काढलेली, पेट्रोल कॉक बंद. काढलेलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात घ्या, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नाही. खाली जुनी पांढरी चादर अंथरा, कारण यातल्या दोन वस्तू तांदळाच्या दाण्याएवढ्या आहेत.

एअर फिल्टर काढा, त्यामागे दहाच्या पान्याचे दोन नट आहेत. कार्बोरेटर त्याच दोन स्टडवर बसलेला असतो. बाहेर ओढण्याआधी गव्हर्नरची दांडी आणि तिच्यावरची केसासारखी बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. ही बारीक स्प्रिंग हरवली किंवा चुकीच्या भोकात गेली की साफ केलेला कार्बोरेटरही हंटिंग करतो. हेडकडून बाहेर येताना क्रम असा असतो : पॅकिंग, काळा जाड इन्सुलेटर, पुन्हा पॅकिंग, कार्बोरेटर, मग फिल्टरकडचं पॅकिंग. इन्सुलेटरची कोणती बाजू कुठे होती तेही फोटोत येऊ द्या. ही पॅकिंग फाटलेली असतील तर तुमचा दोष कदाचित तिथेच असेल, कारण इथून हवा शिरली तरी लक्षण चोंदलेल्या जेटसारखंच दिसतं.

बाऊलचा बोल्ट काढा. बाऊलची रबरी रिंग इथेनॉलने फुगलेली असेल आणि खाचेत परत बसणार नाही. तिला ओढाताण करू नका, सावलीत ठेवा, तास-दोन तासांत आकसते. आकसली नाही तर नवीन घ्या.

फ्लोटची पिन बाजूने सरकवा, फ्लोट आणि नीडल एकत्र बाहेर येतात. मधल्या खांबात मेन जेट आहे. त्याला खाचेत घट्ट बसणारा सपाट स्क्रू ड्रायव्हरच वापरा. पितळ मऊ असतं, बारक्या ड्रायव्हरने एकदा खाच गेली की जेट काढायला खरंच मिस्त्री लागतो. जेट निघाला की बॉडी उलटी करून हातावर थोपटा, बाजूने भोकं असलेली नळी खाली पडेल. पडली नाही तर व्हेंचुरीकडून (मधल्या अरुंद हवेच्या वाटेकडून) लाकडी काडीने हळूच ढकला.

आता पायलट जेट, म्हणजे तुमचा खरा गुन्हेगार. तो बरेच जण काढतच नाहीत, कारण दिसत नाही. वरच्या बाजूला थ्रॉटलच्या आयडलिंगचा स्क्रू आहे. तो किती फेरे आत आहे ते मोजून काढा. त्याच्याखाली प्लास्टिकच्या टोपीचा जेट नुसता दाबून बसवलेला असतो, बारीक ड्रायव्हरने खालून हळूच उचला. टोकाला डोळ्याला जेमतेम दिसणारं भोक आहे, साधारण ०.४ मिमी किंवा त्याहून कमी. उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसला पाहिजे. अंधुक किंवा अर्धवट दिसला तरी तो चोंदलेलाच आहे. स्प्रे मारून, फुंकर मारून “झाला साफ” म्हणत कार्बोरेटर परत बसवतात आणि आठ दिवसांनी तक्रार परत येते, त्याचं मूळ बहुतेक वेळा या न काढलेल्या जेटमध्ये असतं.

मंद चालीचं मिश्रण जुळवणाऱ्या पायलट स्क्रूवर प्लास्टिकची मर्यादा-टोपी असेल तर तो सोडून द्या. नसेल तर आधी हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवून फेरे मोजा, लिहून ठेवा, मगच काढा. जोर लावून आवळला तर टोकाला कायमचा खळगा पडतो.

साफ करणं

सगळं रबर आणि प्लास्टिक बाजूला काढा. पितळेच्या वस्तू कार्बोरेटर क्लीनरमध्ये अर्धा तास भिजवा, जुनाट राळ असेल तर रात्रभर. बॉडीच्या प्रत्येक भोकात क्लीनरची नळी लावून फवारा मारा आणि तो दुसरीकडून कुठून बाहेर पडतो ते बघा. पायलटच्या भोकात मारल्यावर थ्रॉटलच्या झडपेजवळच्या बारीक भोकांतून धार यायला हवी. एकातूनही येत नसेल तर काम संपलेलं नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, ही धार उलटून थेट तोंडावर येते. मग पंक्चरवाल्याकडची हवा, ३० ते ४० पीएसआयच्या वर नको, आणि फ्लोट-नीडल आत असताना कधीच नाही.

जेटच्या भोकात स्टीलची तार, पिन, शिवणाची सुई घालू नका. ०.४० मिमीचं भोक ०.४५ झालं तर डोळ्याला कळत नाही, पण क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी वाढतं. मग इंजिन काळा धूर टाकतं आणि त्यावर कोणताही स्क्रू इलाज करत नाही. एक स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्झिबल वायरमधली तांब्याची एक तार साधारण ०.२ मिमीची असते, ती चालते. टूथब्रशचा एक केसही चालतो.

घरगुती उपायांत चिंच, लिंबू आणि संडास धुण्याचं ॲसिड यांची नावं नेहमी येतात. पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात म्हणून कार्बोरेटरही होईल हा तर्क चुकतो, कारण बॉडी पितळेची नाही. आंबट पदार्थ जस्त-ॲल्युमिनियम खातात, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यात पूड आणखी लवकर धरते. थिनर धातूला चालतो, रबर-प्लास्टिकला नाही.

राळ अगदीच हटत नसेल तर अल्ट्रासॉनिक मशीन उत्तम. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिने धुवायला वापरतात तसलंच. त्यात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे थेंब, पेट्रोल अजिबात नाही, दहा-पंधरा मिनिटं. नंतर हवा मारून लगेच वाळवा.

पांढरी पूड निघाल्यावर खाली खड्डे दिसतात का बघा. मेन जेट बसतो त्या खांबाच्या आट्यांना, नीडलच्या बैठकीला किंवा बाऊलच्या कडेला खड्डे पडले असतील, किंवा थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवल्यावर स्पष्ट खुळखुळत असेल, तर तिथे मिस्त्रींचं म्हणणं बरोबर. तेव्हाच नवीन घ्या. स्वस्त नकली कार्बोरेटरचे जेट मापात असतीलच असं नाही, म्हणून जुने चांगले जेट फेकू नका, त्यांवरचे आकडे ताडून बघा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटे भाग घ्यायला जाताना इंजिनचा मॉडेल नंबर आणि जुना कार्बोरेटर बरोबर न्या, “जीएक्सचा द्या” एवढ्यावर नेमका मिळत नाही.

जाता जाता : कोल्हापूरची कारागिरी डिझेल ऑइल इंजिनावर वाढली. त्यातला जाणता माणूस पंप-नोझल डोळे मिटून दुरुस्त करेल, पण डिझेल इंजिनात कार्बोरेटरच नसतो. पेट्रोलवरच्या पंपाचे नट त्याच हाताने, तेवढ्याच जोराने आवळले की एम६ (सहा मिमी) स्टडच्या आट्या निघतात. हे नट छोट्या पान्याने, दोन बोटांच्या जोरात घट्ट होतात तेवढे पुरेत.

गळतीचा इलाज

नीडलचं टोक भिंगातून बघा. रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर नीडल बदला, घासून ती जात नाही. बैठक कापसाच्या काडीने क्लीनर लावून पुसा, काचकागद नको. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल वाजलं तर तो फुटका. शंका असेल तर गरम पाण्यात दाबून धरा, बुडबुडे निघतील. प्लास्टिकचा फ्लोट डिंक लावून वापरू नये, तो बदलायचाच. जीएक्स १६० ला फ्लोटची उंची १३.७ मिमी असते. नीडल टेकेल पण दबणार नाही इतका कार्बोरेटर तिरका धरून मोजायची. फरक असेल तर फ्लोट वाकवू नका, नवीन घ्या.

जोडल्यावर एक सोपी चाचणी करा. कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ कोरडी नळी लावा आणि तोंडाने हलकी हवा सोडा. फ्लोटच्या वजनाने नीडल बंद असते, हवा जाता कामा नये. सुलटा केला की गेली पाहिजे.

परत बसवणं आणि चालवणं

पॅकिंग नवीन, कोरडं. सिलिकॉन, ॲनाबॉन्ड असलं चिकटवायचं काही लावू नका. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटतात आणि मेन जेटवर जाऊन बसतात. पेट्रोलचा पाइप वाकवल्यावर तडे दिसत असतील तर तोही बदला, आतून सुटलेलं रबर साफ केलेला कार्बोरेटर पुन्हा चोंदवतं. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. इथे कंटाळा केला तर वरची सगळी मेहनत पहिल्या दहा मिनिटांत वाया जाते.

एक लिटर ताजं पेट्रोल घाला. कॉक उघडून पाच मिनिटं थांबा, थेंब पडतो का बघा. मग पंपाच्या डोक्यात पाणी भरा. टेस्टिंगच्या नादात कोरडा पंप चालवून मेकॅनिकल सील (पंपातलं पाणी दांड्यापाशी अडवणारं सील) जाळणं ही या कामातली सगळ्यांत नेहमीची चूक आहे.

चालू झाला की पाच मिनिटं तापू द्या, चोक पूर्ण सोडा. आयडलिंग १४०० आरपीएमच्या आसपास हवं. पायलट स्क्रू मोकळा असेल तर पूर्वीच्या फेऱ्यांवर ठेवून अर्धा फेरा इकडे-तिकडे करून इंजिन सर्वांत वेगात जिथे चालेल तिथे थांबा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने रेस खाली आणा.

तरीही हंटिंग राहिलं तर कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर तिथून हवा शिरतेय. क्लीनरचा स्प्रे तापलेल्या इंजिनावर मारायची पद्धत आहे, पण ती आगीला निमंत्रण देते. सांधा घट्ट असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेली फट, बघा, थंड इंजिनाला इनटेक ०.१५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी.

हे सगळं बरोबर असूनही लोडला थोडा चोक लागतोच, असं २० टक्के इथेनॉलवर काही इंजिनांत होतं. तेव्हा मेन जेट एक पायरी मोठा बसवायचा विचार करता येतो. पण ही शेवटची पायरी, आणि तीही विकत घेतलेल्या जेटने, भोक पाडून नव्हे.

ग्रास कटर आणि पुराचा पंप

गवत कापायच्या टू-स्ट्रोक मशीनला हे सगळं जसंच्या तसं लागू करू नका. त्याच्या कार्बोरेटरला बाऊल नसतो, पातळ डायफ्रॅम असतो. तो इथेनॉलने कडक होतो. बोटाने हलवल्यावर कागदासारखा कडकडला तर डायफ्रॅम-पॅकिंगचा किट बदला. त्यात दाबाची हवा मारली तर झडपा फाटतात.

नदीकाठच्या गावांत कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की पंप वर आणायची घाई होते. वर आणताना बाऊलही रिकामा करा, दोन मिनिटांचं काम आहे. पंप बुडालाच असेल तर दोरी ओढू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर, ऑइल बाहेर, टाकी आणि बाऊल रिकामे, आणि शक्यतो त्याच दिवशी, कारण गाळ वाळला की भोकांतून निघत नाही.

पुढच्या जूनसाठी

महिन्याभराहून जास्त पंप उभा राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून गाडीत घाला. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तेवढ्याने बाऊल कोरडा होत नाही, तळाशी जेटच्या खाली थोडं राहतंच, म्हणून ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं काढा. प्लग काढून त्या भोकात चमचाभर, म्हणजे ५ मिलि, इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन वेळा दोरी सावकाश ओढा, प्लग लावा. मग दोरी पुन्हा हळू ओढत न्या आणि जिथे जड लागेल तिथेच थांबवा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, पावसाळ्याची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.